परातीतलं ऊन

परात पुन्हा कुणीतरी फिरवली होती.

'कुणीतरी' म्हणायची तशी गरज नव्हती. मामंजी सोप्यात पेपर वाचत बसले होते, आमचे हे डेअरीवर गेले होते, म्हणजे घरात उरल्या मी आणि सासूबाई. मी काही परात फिरवली नव्हती. मी इकडंतिकडं पाहिलं, पदर खोचला आणि तुळशीच्या कट्ट्याला टेकवलेली ती भलीमोठी पितळी परात उचलून परत माझ्या खुणेवर आणून ठेवली. खूण म्हणजे कट्ट्याच्या कडेला काढलेला गेरूचा ठिपका. कुणाला शंका येऊ नये म्हणून त्याच्याभोवती मी चार पाकळ्याही काढल्या होत्या. बघणाऱ्याला वाटावं, नव्या सुनेला नक्षीची हौस आहे.

हौस कसली, माझी नोकरी त्या परातीवर टांगलेली होती.

लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. मी कऱ्हाडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि कळकवाडीत येऊन शेणकूट थापण्यात बऱ्यापैकी तरबेज झालेली. नदीपलीकडच्या हायस्कूलचे विज्ञानाचे मास्तर अचानक सोडून गेले, तेव्हा हेडमास्तर स्वतः सायकल मारत आमच्या घरी आले. तुमच्या सुनबाईंना पाठवता का, दसऱ्यानंतरच्या सोमवारी रुजू व्हायचं, पण दसऱ्याला मला नक्की कळलं पाहिजे, नाहीतर दुसरं माणूस बघतो, असं म्हणाले. मी दाराआडून ऐकत होते. मला ती नोकरी हवी होती. इतकी हवी होती की त्या दिवशी मी आमटीत दोनदा मीठ टाकलं.

आमच्या मामंजींनी, म्हणजे सर्जेरावांनी, आजवर कुणालाही स्वतःच्या तोंडानं नकार दिलेला नव्हता. नकार द्यायचं खातं देवीकडं होतं. भावकीत कुणाला बैल द्यायचा नसला की देवीचा कौल डावा पडायचा. मेव्हण्याकडं बारशाला जायचं नसलं की देवी आदल्या रात्री स्वप्नात यायची. देवीचं नाव निघालं की समोरच्याला काही बोलता येत नसे, आणि मामंजी वाईटपणा न घेता मोकळे व्हायचे. हेडमास्तरांनाही त्यांनी चहा पाजला, खुर्ची दिली आणि म्हणाले, "माझं काय न्हाय ओ. देवीला इचारू."

घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कोपऱ्यात बसून घटासाठी आणलेली शेतातली माती चाळत होत्या.

"सूनबाई, आपल्या घटातलं धन कसं येतंय ठावं हाय?" मामंजींनी विचारलं.

धन म्हणजे घटाच्या परडीतल्या मातीत पेरलेल्या गव्हाचे कोंब, पण त्यांचा रंग मला कुठून माहीत असणार? त्या घरातलं माझं पहिलंच नवरात्र होतं.

"पिवळंधमक. सोन्यावानी. माझ्या बापाच्या वक्तापासनं कवा रंग बदलला न्हाय. पंचक्रोशीतनं माणसं आपल्या घरचं धन टोपीत खोवायला येत्यात." मामंजींनी मिशीवरून हात फिरवला. "तर यंदा ते हिरवं आलं, म्हंजे देवीचं मन हाय असं समजायचं. खुशाल जा शाळंला. पिवळं आलं, तर पुन्ना ह्यो इषय काढायचा न्हाय."

मी मान खाली घातली. मामंजींना वाटलं, पोरगी हिरमुसली. मी पदर दाताखाली धरून हसू दाबत होते.

कारण त्यांच्या घरचं धन पिवळं का यायचं, हे ती देवाची खोली आठवताच माझ्या लक्षात आलं होतं. घराच्या अगदी पाठीमागची खोली, खिडकी नाही, दाराला लाल जाड पडदा. आत एक नंदादीप मिणमिणतो तेवढाच. असल्या अंधारात गहू पेरला तर तो पिवळाच येणार. पानात हरितद्रव्य तयार व्हायला उजेड लागतो, आणि उजेड नसला की कोंब नुसता उंच उंच आणि पिवळा वाढत जातो. परीक्षेला हाच प्रश्न मला आला होता आणि मी तो आकृतीसकट लिहिला होता. मामंजींनी मला उत्तर येत असलेला पेपर हातात दिला होता.

फक्त एक गोम होती. एकदा बसवलेला घट उठवेपर्यंत हलवायचा नसतो. तो उन्हात नेणं शक्यच नव्हतं, म्हणजे उन्हालाच घटाकडं आणणं भाग होतं.

घराची ठेवण मात्र माझ्या बाजूनं होती. अंगण, सोपा, माजघर आणि देवाची खोली, सगळी दारं एका रेषेत. अंगणात सकाळी ऊन उतरायचं. मी पहिल्याच माळेला जाहीर केलं की उदाच्या धुरानं माझे डोळे चुरचुरतात, आणि दाराचा लाल पडदा वर खोचून टाकला. दुसऱ्या दिवशी चिंच आणि राख घेऊन घरातली सगळ्यात मोठी परात घासायला बसले. लग्नात माझ्याच माहेरहून आलेली होती ती. अशी घासली की तिच्यात बघून कुंकू लावावं. मग ती तुळशीच्या कट्ट्याला टेकवून थोडी इकडं, थोडी तिकडं करत राहिले. उन्हाचा कवडसा सोप्यातून सरपटत, माजघराचा उंबरा ओलांडत आत गेला आणि घटाच्या परडीवर जाऊन बसला. मी गेरूची खूण केली आणि भाकरी थापायला आत गेले.

आणि थोड्या वेळानं बाहेर येऊन बघते, तर परात फिरवलेली.

पहिल्यांदा वाटलं, मांजर धडकलं असेल. मी ती जागेवर ठेवली. धुणं वाळत घालून आले, तर पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. आत्याबाई अंगणातच कुठंतरी शेंगा फोडत नाहीतर वाती वळत बसलेल्या असायच्या. नऊ दिवसांचा उपास, त्यामुळं आधीच कमी बोलणाऱ्या आत्याबाई अगदीच मुक्या झालेल्या. माझ्याकडं बघायच्या, परातीकडं बघायच्या आणि पुन्हा वातीकडं.

मला कळून चुकलं, म्हातारीला माझा डाव समजला आहे. आणि ती आपल्या नवऱ्याच्या बाजूनं उभी आहे.

मग मीही हट्टाला पेटले. तोंडानं चकार शब्द नाही, पण दिवसभर आमची लढाई. त्यांनी परात डावीकडं वळवली की मी ती खुणेवर आणायची. मी पाठ वळवली की त्यांनी ती परत हलवायची. कवडसा परडीवर टिकतोय का, हे देवाच्या खोलीत जाऊन बघायची सोय नव्हती. पाणी घालायला मी पहाटे न्हाऊन आत जायची, तेव्हा अंगणात ऊनच नसायचं, आणि नंदादीपाच्या उजेडात कोंबांचा रंग कळायचा नाही. आणि दिवसा उगाच आत डोकावलं असतं तर सोप्यातल्या मामंजींनी विचारलं असतं, काय गं, काय बघतीस? आमच्या ह्यांनी तर एकदा जेवताना विचारलं की ही परात रोज कशाला घासता, तिच्यात जेवतंय कोण? आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "नवरात्र आहे." मग एकमेकींकडं न बघता जेवायला लागलो.

पाचव्या माळेला मामंजींचे दोस्त गुलाबतात्या दर्शनाला आले. मामंजींनी पारावर आपल्या पैजेचा डांगोरा पिटला होता. हिरवं आलं तर सून शाळेत, पिवळं आलं तर चुलीपुढं, आणि माझ्या घरचं धन कवा हिरवं झालंय का, असं सगळ्यांना ऐकवून झालं होतं. त्यामुळं येणारा जाणारा परडीत डोकावायला लागला होता.

गुलाबतात्या आत जाऊन आले आणि म्हणाले, "सर्जेराव, धन दाराकडं वाकलंय की ओ. सगळंच्या सगळं."

कोंब उजेडाच्या दिशेनं झुकतात, हेही मला माहीत होतं. मी चुलीपाशी कान देऊन बसले.

"दाराकडं म्हंजे?" मामंजींनी विचारलं.

"म्हंजे कुणालातरी बाहीर जायचं हाय, असं दिसतंय." गुलाबतात्यांना असल्या गोष्टीत फार रस. "आन् सर्जेराव, तुमच्या पाठीवर ऊन कुठनं पडलंय?"

मामंजी नेमके परातीच्या आणि घटाच्या मधे येऊन बसले होते, आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर भाकरीएवढा कवडसा लखलखत होता. त्यांनी मान वळवून तो बघायचा प्रयत्न केला. मग उठले आणि चपला शोधायला लागले. आता हे अंगणात येणार, परात बघणार आणि सगळा खेळ संपणार, एवढंच मला दिसत होतं.

मी धावत मागच्या दारानं अंगणात गेले, तर परात कट्ट्याला नव्हतीच. आत्याबाई ती मांडीपुढं घेऊन तिच्यात राजगिऱ्याचं पीठ मळत बसल्या होत्या. मामंजी अंगणात येऊन उभे राहिले, वर आभाळाकडं बघितलं, तुळशीकडं बघितलं, आणि काहीच न सापडल्यानं आत गेले.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण मी रागानं लाल झाले. चांगली चिंच-राखेनं घासलेली परात, आणि तिला पिठानं बरबटवून टाकलं. त्यानंतर दुपारपर्यंत ती धुवायला मिळाली नाही. त्या दिवसाचं ऊन गेलं. रात्री अंथरुणात मी ह्यांना म्हणाले, तुमची आई फार आतल्या गाठीची आहे. हे म्हणाले, हो, ते आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. आणि झोपले.

दसऱ्याच्या सकाळी घट उठवायला सगळे देवाच्या खोलीत जमलो. मामंजींनी नारळ काढला, आरती झाली, आणि त्यांनी परडी दोन्ही हातांनी उचलून दारात उजेडात आणली.

धन अर्धं हिरवं होतं.

दाराकडची बाजू हिरवीगार, पोपटी नव्हे, चांगली पिकातल्यासारखी हिरवी. आणि मागची बाजू नेहमीसारखी पिवळी. मधे अशी स्वच्छ रेघ होती की कुणी दोन परड्या जोडल्या आहेत असं वाटावं. मला एक क्षण आनंद झाला, आणि मग मामंजींचा चेहरा बघून तो विझला. ते हसत होते.

"अर्धं म्हंजे न्हाईच," ते म्हणाले. "देवीच्या मनात असतं तर पुरतं हिरवं केलं असतं. तिनं बगितलं, इचार केला आन् हात मागं घेतला."

ह्यांनी बोलायला तोंड उघडलं, पण मामंजींनी हात वर केला. देवीपुढं वाद नाही. त्यांनी परडी आत्याबाईंच्या हातात दिली आणि सोप्यात जाऊन बसले.

मी मागच्या दारी जाऊन रडले. लपवण्यासारखं काही नाही त्यात. जे करता येत होतं ते मला पुरतं करू दिलं नाही, याचं रडू होतं ते. आणि त्या परातीचा एवढा राग आला होता की ती उचलून नदीत टाकावी वाटत होती.

तिसऱ्या प्रहरी सोनं लुटून माणसं यायला लागली. गुलाबतात्या, भावकीतले, पारावरचे सगळे. आमच्या घरी रीत अशी की घरच्या बाईनं तबकात धन घेऊन दारात उभं राहायचं आणि येणाऱ्याच्या टोपीत खोवायचं. पहिला मान घरच्या कारभाऱ्याचा. आत्याबाई हिरवं लुगडं नेसून तबक घेऊन बाहेर आल्या. परडी आतच होती. मामंजी नवी टोपी घालून पुढं झाले, डोकं वाकवलं, आत्याबाईंनी तबकातली जुडी घेऊन टोपीत खोवली. मग गुलाबतात्यांच्या. मग एकेकाच्या.

मी आपट्याची पानं घेऊन मागं उभी होते. आधी माझ्या लक्षातच आलं नाही. मग गुलाबतात्या बोलले.

"सर्जेराव, तुमच्या टोपीत हिरवं हाय."

मामंजींनी टोपीला हात लावला. पण स्वतःच्या टोपीतलं स्वतःला कसं दिसणार? त्यांनी समोर बघितलं. गुलाबतात्यांच्या टोपीत हिरवं. त्यांच्या शेजारच्याच्या टोपीत हिरवं. अंगणभर टोप्या, आणि सगळ्यांत हिरवं. तबकात पिवळी काडी औषधालाही नव्हती.

"आलं म्हणायचं हिरवं," कुणीतरी म्हणालं. "म्हंजे सूनबाई मास्तरीण."

मामंजींनी आत्याबाईंकडं बघितलं. आत्याबाई पुढच्या माणसाच्या टोपीत जुडी खोवत होत्या, आणि त्या कामात त्यांचं इतकं लक्ष होतं की मान वर करायला सवड नव्हती. देवीचं धन एकदा टोपीत खोवलं की सूर्य मावळेपर्यंत काढायचं नसतं. शिवाय अख्ख्या गावापुढं सर्जेराव काय सांगणार, की आत परडीत अजून पिवळं आहे? गुलाबतात्या तर उत्तराची वाटच बघत होते.

मामंजींनी घसा खाकरला. छाती पुढं काढली. "म्हंजे काय? मला पयल्यापासनंच वाटत हुतं. देवीनं सांगितल्यावर आपुन कोण न्हाय म्हणणारं?"

त्याच संध्याकाळी हे सायकल काढून हेडमास्तरांना सांगायला गेले.

मी आत आले तेव्हा आत्याबाई चुलीपुढं बसून परात घासत होत्या. चिंच आणि राख घेऊन, मी घासायची तशीच. मी त्यांच्या पाया पडले आणि मग न राहवून विचारलं की हे करायचंच होतं, तर रोज माझी परात का हलवत होता?

त्यांनी घासायचं थांबवलं. "ऊन सरकतंय न्हवं?"

मी त्यांच्याजवळ खाली बसले.

"तू ठिवून जायाचीस. घटकाभरानं कवडसा परडीवरनं उतरून भितीवर जायाचा. म्या फिरवून पुन्ना परडीवर आणायची. तवर तू यायाचीस आन् त्या तुज्या फुलावर न्हिऊन ठिवायचीस." त्या पहिल्यांदाच हसल्या. "म्या म्हटलं, शिकल्याली हाय. कायतरी असंल तिच्या मनात. कशापायी इचारायचं?"

उजेडाकडं पान कसं वळतं हे ज्या बाईला आकृतीसकट येत होतं, तिला परात वळवावी लागते हे नऊ दिवसांत सुचलं नव्हतं. अर्धी परडी पिवळी राहिली ती माझ्या खुणेपायी. मी कपाळावर हात मारून घेतला. मग दोघी इतक्या हसलो की मामंजींनी सोप्यातून विचारलं, काय झालं? आत्याबाईंनी सांगितलं, दूध उतू गेलं.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "मला एक सांग. उन्हानं हिरवं कशानं हुतंय?"

मी सांगितलं. माझ्या मास्तरकीचा पहिला तास मी चुलीपुढं घेतला. ऊन पडलं की पानात हिरवा रंग धरतो, आणि तो रंग मग ऊन पकडून ठेवतो. मुळातनं आलेलं पाणी आणि वाऱ्यातला वायू घेऊन त्या उन्हाच्या जोरावर पान साखर तयार करतं. तेच त्याचं जेवण. आपण खातो ती भाकरी म्हणजे पानानं धरून ठेवलेलं ऊनच.

"आन् पिवळं? त्ये काय खातंय मग?"

"दाण्यात आधीच साठवलेलं. ते उजेड शोधत नुसतं उंच वाढत राहतं. दाण्यातलं संपलं की मरतं."

आत्याबाईंचा हात परातीवरून उगाच फिरत राहिला. "एवढी वरसं त्याला सोनं म्हणत हुतो आमी," त्या म्हणाल्या.

त्या उठून आत गेल्या आणि परडी घेऊन आल्या. हिरवी बाजू खुडून रिकामी झाली होती, पिवळी तशीच उभी होती. "ही अजून हुतील का हिरवी?"

"दाण्यात थोडं शिल्लक असेल तर होतील," मी म्हणाले. "उन्हात ठेवायला हवी."

दुसऱ्या दिवशी परडी नदीला सोडायची रीत होती. ती सोडली गेली नाही. सोमवारी मी डबा घेऊन शाळेला निघाले तेव्हा परडी तुळशीच्या कट्ट्यावर भर उन्हात होती, कोंबांनी हिरवी झाक धरली होती, आणि आत्याबाई पाण्याचा तांब्या घेऊन तिच्याशेजारी बसल्या होत्या. मामंजी सोप्यातून बाहेर आले. परडी अजून घरात कशी, नदीला सोडायची नाही का, असं त्यांनी जरा चढ्या आवाजात विचारलं.

आत्याबाईंनी मान वर केली नाही. कोंबांवर हलक्या हातानं पाणी शिंपडत म्हणाल्या, "देवीला इचारलं म्या. ती म्हणली, ऱ्हाऊ दे."

मामंजी पेपर वाचायला आत गेले.